निशाणगडच्या नौबतीची आणि मोडिल्या निवाड्याची हकीगत

श्री.

ज्यानें मनुष्यास वाचा दिली आणि ती ऐकावयास कान दिले, त्यास आधीं दंडवत. मूळपत्र शके त्र्याहत्तर, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशीं ही हकीगत लिहावयास घेतली. थोरांची आज्ञा जाहली जे, न्यायसभेनें आपलाच निवाडा आपल्या हातें मोडिला ऐसें या राज्यांत पूर्वीं घडलें नव्हतें, तें कैसें घडलें आणि कोणामुळें घडलें, तें साद्यंत लिहून द्यावें. त्यावरून जें डोळां देखिलें तें आणि जें देखणारांकडून ऐकिलें तें लिहितों. पदरचें घालीत नाहीं, आणि कोणाची भीड धरून गाळीतही नाहीं. राज्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

पूर्वीं थोरले महाराज गादीवर बसले, ते बसण्याआधीं त्यांनीं सात प्रांतींचे लोक मिळविले, कुणबी मिळविले, उदमी मिळविले, कारागीर आणि शास्त्री आणि डोंगरचे लोकही मिळविले, आणि चार महिने एका मांडवांत बसून सर्वांनीं मिळून एक पत्र केलें, त्यास मूळपत्र म्हणतात, आणि शकही त्यापासूनच मोजितात. त्यांत राजानें काय करावें हें थोडें लिहिलें आणि काय करूं नये हें फार लिहिलें. रयतेचे हक्क त्यांत घातले ते ऐसे, कीं कोणासही कारण सांगितल्यावांचून कोंडूं नये, आणि कोंडिलें तर मागणी होतांच त्याचा देह न्यायसभेपुढें आणून उभा करावा. खरें बोलणाराचें तोंड बांधूं नये. आणि न्यायावांचून कोणाचा जीव घेऊं नये. मग प्रश्न पडला जे, पत्राचा अर्थ कोणीं सांगावा? राजानें सांगितला तर तो आपल्या सोईचा सांगेल. म्हणोन सात न्यायाधीशांची सभा नेमिली आणि ठरविलें कीं पत्राचा अर्थ सभा सांगेल तो, आणि राजाचा हुकूम पत्राविरुद्ध गेला तर तो हुकूमच नव्हे. सभेस घोडा दिला नाहीं, भाला दिला नाहीं. एक पुकारे करणारा चोपदार, दोन कारकून आणि सात बैठका, इतकाच सरंजाम. तरी सभेचें लोक ऐकत आले. आणखी एक चाल मोठी चांगली होती. ज्यास लिहितां येत नाहीं त्यानें आपल्या दुःखाची वस्तु आणावी, ती सभेपुढें ठेवावी, आणि कारकुनानें तिचाच अर्ज समजून दाखल करावा. कोणी मोडकें कुलूप आणी, कोणी जळकें पागोटें आणी, आणि सभा त्यावर निवाडा देई.

पुढें बासष्टाव्या शकीं उत्तरेच्या खिंडींत शत्रु आला. निशाणगड हा शहराच्या उशाशीं आहे, त्यावर धोक्याची नौबत वाजूं लागली आणि अहोरात्र वाजली. तेव्हां कारभारी भुजंगराव यांनीं शत्रूचे हेर म्हणोन बहुत माणसें धरून गडावर कोंडिलीं. त्यांत हेर होते, आणि कारभाऱ्यांस उलट बोलिले होते तेही होते. त्यांचे सोयरे न्यायसभेकडे आले. पांच न्यायाधीश बसले. त्यांत अवधूतपंत हिंगणीकर हे वयानें धाकटे, बुद्धीनें तीक्ष्ण आणि अक्षरानें सुरेख, म्हणोन निवाडा लिहिण्याचें काम त्यांजकडे आलें. पंतांनीं लिहिलें जे, राज्यावर संकट असतां राज्याचे हात बांधूं नयेत, याकरितां निशाणगडावर धोक्याची नौबत वाजत आहे तोंवर मूळपत्रांतील हक्क निजलेले समजावे, आणि ती थांबली म्हणजे ते जागे होतील. चौघांनीं खालीं निशाणी केली. पांचवे गुंडोपंत कणेरकर यांनीं केली नाहीं. त्यांनीं आपलें मत निराळें लिहून दिलें. मुख्य न्यायाधीशाची जागा क्रमानें गुंडोपंतांस यावयाची होती, ती आली नाहीं. ते उठून आपल्या कणेरी गांवीं गेले आणि पानमळा करून राहिले. तीन वर्षांनीं ती जागा अवधूतपंतांस मिळाली. निवाडा तांब्याच्या पत्र्यावर कोरून सभेच्या भिंतीस लाविला.

शत्रु आठ महिन्यांत परतला. लोकांनीं साखर वांटली. न्यायाधीशांस वाटलें, आतां हक्क आपोआप जागे जाहले असतील, आणि ते दुसऱ्या कामास लागले. भुजंगरावांनीं मात्र निवाडा न्यायाधीशांपेक्षां लक्ष देऊन वाचिला होता. त्यांनीं गडावर हुकूम पाठविला कीं नौबत थांबवूं नये, रोज दुपारीं एक टोला देत जावा. एक टोला दिला तरी नौबत वाजतच आहे. पहिले चार दिवस लोक दचकले, मग विचारूं लागले, मग विचारणें सोडिलें. मग बायका त्या टोल्यावर चुलीच्या वैलावरचा भात उतरूं लागल्या, शाळा त्या टोल्यावर सुटूं लागली, आणि सांगावयास लाज वाटते, परंतु न्यायसभाही त्याच टोल्यावर भोजनास उठूं लागली. ऐसीं अकरा वर्षें गेलीं. त्या अकरा वर्षांत ज्यास धरावें वाटलें त्यास कारभाऱ्यांनीं धरिलें आणि गडावर नेलें.

शहरीं गोमाजी म्हणोन एक पाणाड्या होता. जमिनीवर पाऊल ठेवून खालीं पाणी किती हातांवर आहे तें सांगे, आणि जिभेवर थेंब घेऊन तें कोणत्या वाटेनें आलें तेंही सांगे. कारभाऱ्यांनीं गडावर मोठें टाकें बांधिलें होतें, त्याचें पाणी खापरी नळानें शहरच्या उत्तर पेठेस आणिलें होतें, आणि त्यांस त्याचा मोठा अभिमान होता. गोमाजीनें तें पाणी चाखिलें आणि थुंकून टाकिलें. भर बाजारांत बोलिला, टाक्याच्या वर पागा आहे, तिचा झिरपा टाक्यांत उतरतो आहे, हें पाणी पिऊं नका, पोरें मरतील. उत्तर पेठेंत त्याच महिन्यांत पोरें मरूं लागलीं होतीं. तिसरे दिवशीं शिपाई आले आणि धोक्याच्या काळांत लोकांस घाबरें केलें म्हणोन गोमाजीस घेऊन गेले. गडावर कोंडिलें, आणि प्यावयास त्याच टाक्याचें पाणी दिलें.

त्याची बायको ठकूबाई. दहा महिने ती हरएक कचेरीचे उंबरे झिजवीत राहिली, शेवटीं गडाच्या दरवाजापाशीं जाऊन बसली आणि सात दिवस हलली नाहीं. आंतून दोन तिरड्या निघाल्या त्या तिनें पाहिल्या. सातवे दिवशीं दरवाजाचा हवालदार सुभानजी कंटाळून बाहेर आला.

ठकूबाई बोलिली, "माझ्या मानसानं काय केलं तेवढं सांगा. मग मी जाते."

"कारन सांगायचा हुकूम न्हाई, बाई."

"का न्हाई? मूळपत्रात लिवलंय म्हनं, कारन सांगावं लागतं."

"मूळपत्र निजलंय."

"कवापासनं?"

"अकरा वर्सं झाली. न्यायसभेनंच निजवलंय. धोक्याची नौबत वाजती तवर निजायचं, आसा तिचा निवाडा हाय. आन् नौबत आमी रोज वाजवतो. दुपारी येक टोला."

"धोका कसला हाय?"

हवालदारानें खरोखर विचार केला आणि बोलिला, "ते मला ठावं न्हाई. मी भरती झालो तवापासनं टोलाच देतोय." माणूस वाईट नव्हता. तिनें मागितलें म्हणोन टाक्यांतील लोटाभर पाणी त्यानें तिला आणून दिलें, आणि तो लोटा घेऊन ती थेट न्यायसभेंत आली.

सभा भरली होती. अवधूतपंत मध्यें बसले होते. आतां त्यांचें वय साठीजवळ आलें होतें, मिशा पांढऱ्या जाहल्या होत्या, आणि शहाणा न्यायाधीश म्हणोन त्यांचें नांव चार राज्यांत घेत होते. ठकूबाईनें लोटा त्यांच्यापुढें ठेविला. कारकुनानें चालीप्रमाणें लिहिलें, अर्ज, एक लोटा पाणी. पंतांनीं पुसिलें, बाई, याचें दुःख काय? ती बोलिली, "ह्ये पानी नासलंय आसं माझा मानूस बोलला, म्हनून त्याला कोंडलाय, आन् आता त्योच ह्ये पितोय. मरायच्या आत त्याला हितं आना. बाकी मला काय बी नगं." आणि सांगूं लागली तों दुपार जाहली आणि गडावर टोला पडला. सातही न्यायाधीशांनीं पागोटीं सारखीं केलीं आणि ते उठूं लागले. चोपदारानें पुकारा केला, सभा भोजनास उठली.

"उठू नगा," ठकूबाई ओरडली.

चोपदार तिजवर धांवला. पंत त्यास थांबवून सौम्यपणें बोलिले, "बाई, हा दुपारचा टोला. सभा रोज यावरच उठते. घटकाभरानें तुमचें ऐकूं."

"रोज? म्हंजी तुमास्नी रोज ऐकू येतंय?" ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "आवं, ह्यो जेवनाचा टोला न्हाई. ही धोक्याची नौबत हाय. हिच्यावरच माझा मानूस कोंडलाय. हवालदार बोलला, निवाडा तुमचाच हाय."

जे अर्धे उठले होते ते तैसेच राहिले. एका कारकुनानें भिंतीवरील पत्र्याकडे पाहिलें आणि मान खालीं घातली. अवधूतपंत बैठकीवर परत बसले. त्यांस आपलें अक्षर पाठ होतें, पत्रा वाचण्याची गरज नव्हती. त्यांच्या ध्यानीं आलें जे, अकरा वर्षें आपण त्या टोल्यावर हात धुतले, आणि एकदांही मनांत आलें नाहीं कीं ही कसली नौबत. ते बाईस इतकेंच बोलिले, "तुमचा अर्ज दाखल जाहला. परवां यावें." आणि घरीं गेले. घरीं पान वाढिलें होतें. पत्नी सरस्वतीबाई बोलिल्या, आज उशीर झाला, टोला तर केव्हांच झाला. तें ऐकून पंतांचा हात पानाकडे गेलाच नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं पंत एकटे घोड्यावर बसून कणेरीस गेले. गुंडोपंत मळ्यांत पानवेली बांधीत होते. अकरा वर्षांत दोघांची गांठ नव्हती. एका गुरूपाशीं दोघे शिकलेले, एका ताटांत जेवलेले. गुंडोपंतांनीं हातची सुतळी न सोडतां बसा म्हटलें आणि सगळें ऐकून घेतलें.

"अकरा वर्षं त्या टोल्यावर जेवलात?" त्यांनीं पुसिलें.

"जेवलों."

"मला इथं गांवांत ऐकूं येत नाहीं. माझं नशीब." गुंडोपंत थोडे हसले आणि लगेच गंभीर जाहले. "पंत, तुम्हीं तेव्हां लिहिलंत कीं संकटांत हक्क निजतात. मला तेव्हांही कळलं नाहीं आणि अजून कळत नाहीं. सुखाच्या दिवशीं कोण कोणाला कोंडतो? मांडवांत चार महिने बसून लोकांनीं पत्र केलं तें सणासुदीसाठीं केलं कां? तें वाईट दिवसासाठींच केलं होतं."

"म्हणूनच आलों. सभेंत या. सातांनीं बसून पांचांचा निवाडा मोडतां येतो. तुम्ही येऊन बोललांत तर..."

"मी कशाला बोलूं? माझं मत तिथं लिहिलेलं आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं." गुंडोपंतांनीं वेलीस गांठ मारली. "निवाडा तुमचा आहे. आणि लिहिणारा हयात असला तर निवाडा मोडतांना त्यानं कुठं उभं राहायचं, तें तुम्हांला माहीत आहे."

पंतांस माहीत होतें. सभेचा जुना नियम ऐसा जे, निवाडा मोडण्याची गोष्ट निघाली आणि लिहिणारा जिवंत असला, तर त्यानें बैठक सोडून खालीं फिर्यादी उभे राहतात त्या फरशीवर उभें राहावें, आणि फिर्यादीनें त्यास काय पुसावयाचें तें पुसावें. हा नियम लिहिलेला होता परंतु कोणीं कधीं पाळिला नव्हता, कारण प्रसंगच आला नव्हता. निघतांना गुंडोपंतांनीं पंतांस पानांचा एक विडा दिला आणि मळ्याच्या कुंपणापर्यंत पोंचवावयास आले. त्यापलीकडे आले नाहींत.

परवांचा दिवस आला. सात न्यायाधीश जमले, आणि शहर असें लोटलें कीं बाहेरच्या चौकांत पाय ठेवावयास जागा नव्हती. कारभारी भुजंगराव स्वतः आले. ते उत्तम बोलत, आणि त्यांचें बोलणें खोटें नव्हतें, हें लिहिणें भाग आहे. ते बोलिले, शत्रु गेला, शत्रुत्व गेलें नाहीं. राज्य राहिलें तर पत्र राहील. आणि आम्हीं काय केलें? सभेनें लिहिलें नौबत वाजते तोंवर, आम्हीं वाजविली. सभेच्या अक्षरास आम्हीं धक्का लाविला नाहीं, उलट अकरा वर्षें रोज त्याचें पालन केलें. तें ऐकून न्यायाधीशांपैकीं तिघांनीं माना डोलविल्या. त्यांत एक वृद्ध बोलिले जे, सभा आपलेच निवाडे मोडूं लागली तर उद्यां आपला निवाडा कोण मानील? हें बोलणेंही वावगें नव्हतें. त्यांनीं आणि दोघांनीं निवाडा राखावा ऐसें मत दिलें. दुसरे तिघे बोलिले, मोडावा. मग सातवें मत राहिलें, तें अवधूतपंतांचें. पंत उठले, पागोटें बैठकीवर ठेविलें, तीन पायऱ्या उतरून फरशीवर ठकूबाईच्या शेजारीं येऊन उभे राहिले, आणि चोपदारानें आयुष्यांत प्रथमच विसरून आपला दंड खालीं टाकिला.

पंत बोलिले, "बाई, विचारा."

ठकूबाई गोंधळली. न्यायाधीशास काय पुसावें हें तिला कोणीं शिकविलें नव्हतें. मग तिनें पुसिलें, "तुमी एवढं शानंसुरतं मानूस. तुमाला कळत न्हवतं आसं न्हाई. मग तसं का लिवलंत?"

पंतांनीं तोंड लोकांकडे केलें.  मग ऐसें बोलिले कीं मागच्यांसही ऐकूं जावें, "भ्यालों, बाई. शत्रूस नव्हे. कारभाऱ्यांस भ्यालों, आणि मुख्य जागा जाईल म्हणून भ्यालों. आणि त्या भीतीला राज्याची काळजी हें नांव दिलें. नांव इतकें चांगलें होतें कीं मलाही तें खरें वाटलें."

"आन् तुमाला तर कुनी कोंडलंबी न्हवतं," ती बोलिली. रागानें बोलिली नाहीं, नवल वाटून बोलिली. पंतांस तें रागापेक्षां जास्त लागलें.

मग पंतांनीं उभ्या उभ्या निवाडा सांगितला आणि कारकुनांनीं लिहून घेतला, तो ऐसा. मूळपत्र राजानें रयतेस दिलेलें दान नव्हे, कीं वाटेल तेव्हां परत घ्यावें. राजा त्या पत्रामुळें राजा आहे. त्यांतील हक्क संकटांत निजत नाहींत, संकटांतच त्यांचें काम. जीव घेऊं नये म्हणजे मान कापूं नये इतकेंच नव्हे. ज्यास कोंडून नासकें पाणी पाजिलें त्याचा जीव तरवारीवांचून घेतला. ज्यानें पाणी नासल्याचें सांगितलें त्याचें तोंड बांधिलें, तर जे पीत राहिले त्यांचाही घेतला. म्हणोन हे हक्क सुटे सुटे वाचूं नयेत. एक काढिला कीं बाकीचे ढिले पडतात. बासष्टाव्या शकाचा निवाडा चुकला होता, आज चुकला ऐसें नव्हे, लिहिला त्या दिवशींच चुकला होता. तो मोडिला. नौबत आजपासून बंद करावी. निशाणगडीं गोमाजी पाणाड्या आणि कारणावांचून कोंडिलेले जितके असतील तितके सभेपुढें आणावे. आणि टाक्याचें पाणी पेठेस देऊं नये. इतकें सांगून पंतांनीं हात जोडिले. पत्रा भिंतीवरून काढिला, त्यामागें भिंतीचा रंग नवा राहिला होता.

निवाडा जाहला, परंतु गडाचा दरवाजा उघडला नाहीं. सभेपाशीं दरवाजा उघडावयास कोण होतें? हुकूम महाराजांच्या हातचा लागत होता. महाराज सव्वीस वर्षांचे, तापट आणि कारभाऱ्यांच्या हातचे वाढलेले. दोन दिवस त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. ठकूबाई वाड्याच्या पायरीवर बसून राहिली, आणि त्या दोन दिवसांत गडावरून आणखी एक तिरडी उतरली. तिच्यावर कोण आहे हें दुरून दिसत नव्हतें. ती धांवत गेली, तोंडावरचें वस्त्र सारून पाहिलें, तो गोमाजी नव्हता, आणि तिला हायसें वाटलें, आणि हायसें वाटल्याची लाज वाटून ती तेथेंच रस्त्यावर बसून रडली. तिसरे दिवशीं भुजंगराव महाराजांस बोलिले, "आज्ञा व्हावी. सभेला कुलूप घालतों. सात म्हातारे आहेत, चार दिवसांत घरीं जातील."

महाराजांनीं पुसिलें, "कुलूप घालाल. मग उद्यां आमचे धाकटे बंधु तुमच्यासारखाच एखादा कारभारी हाताशीं धरून आम्हांस गडावर नेतील, तेव्हां आम्ही कोणाकडे लोटा घेऊन जावें?" धाकटे बंधु खरोखरच तैसे होते, हें भुजंगरावांसही ठाऊक होतें. महाराजांनीं हुकुमावर शिक्का केला. खुशीनें केला ऐसें लिहिणार नाहीं. शिक्का आपटला तो बाहेर ऐकूं आला.

वद्य प्रतिपदेस सकाळीं गडावरून गाड्या उतरल्या आणि न्यायसभेपुढें उभ्या राहिल्या. हवालदार सुभानजीनें कोंडिलेल्यांच्या नांवांची यादी आणिली, तींत एकतीस नांवें होतीं. सभेची रीत ऐसी जे, चोपदारानें एकेक नांव तीनदां पुकारावें. मनुष्य हजर असेल तर त्यानें फरशीवर यावें, मग त्यास कां कोंडिलें तें सरकारनें सांगावें, आणि कारण नसेल तर त्यास सोडावें. आणि तीन पुकाऱ्यांनीं कोणी न आलें तर कारकुनानें गैरहजर लिहून तें काम काढून टाकावें. पहिलेंच नांव गोमाजीचें निघालें. गाडींतून एक वाळलेला, दाढी वाढलेला म्हातारा उतरला. ठकूबाईनें त्याच्या मागें पाहिलें, आपला मनुष्य अजून उतरावयाचा आहे ऐसें समजून. तो फरशीवर आला आणि "हाय जी" बोलिला, तेव्हां आवाजावरून तिनें ओळखिलें. ती जवळ गेली आणि त्याचा हात धरून उभी राहिली. पंतांनीं कारण पुसिलें. कारभाऱ्यांकडील वकील यादी चाळूं लागला. कारण लिहिलेलेंच नव्हतें. पंत बोलिले, मोकळा. मग दुसरा, मग तिसरा, ऐसे वीस आले आणि वीस मोकळे जाहले, आणि बाहेर चौकांत त्यांचीं माणसें त्यांस मिठ्या मारूं लागलीं.

मग चोपदारानें पुकारिलें, "लिंबाजी सुतार." कोणी उतरलें नाहीं. गाड्या रिकाम्या जाहल्या होत्या. दुसऱ्यांदां पुकारिलें, तिसऱ्यांदां पुकारिलें. गर्दींतून एक म्हातारी पुढें आली, लिंबाजीची आई, आणि रिकाम्या गाडींत हात फिरवून पाहूं लागली. कारकुनानें रीतीप्रमाणें लेखणी बुडविली. अवधूतपंत बोलिले, "गैरहजर लिहूं नका."

"मग काय लिहूं, पंत?" कारकुनानें पुसिलें.

पंत बैठकीवरून उठले आणि पुन्हां त्याच तीन पायऱ्या उतरले. फरशीवर उभे राहिले आणि चोपदारास बोलिले, "पुन्हां पुकारा." चोपदारानें पुकारिलें, लिंबाजी सुतार. पंत बोलिले, "लिंबाजी नाहींत. अवधूतपंत हिंगणीकर हजर आहे." म्हातारीनें त्यांच्याकडे पाहिलें आणि पुसिलें, "त्यानं काय केलं हुतं?" पंत बोलिले, "कांहीं नाहीं, आई. केलें तें मीं केलें." मग चोपदारानें इमाम बारगीर पुकारिला, आणि पंत तैसेच बोलिले. मग चांगुणा गवळीण पुकारिली, आणि पंत तैसेच बोलिले. ऐसीं अकरा नांवें जाहलीं. अकराव्या नांवास पंतांचा आवाज उमटेना, तेव्हां चोपदार थांबला, आणि सारी सभा थांबली, आणि पंतांनीं तें नांव आणि आपलें नांव पुरतें उच्चारिल्यावरच कारकुनानें लेखणी खालीं ठेविली.

एकंदरीत घडलें तें हें. निवाडा मोडिला तो मोडिलाच राहिला, आणि हें लिहून संपेतों हक्क पुन्हां कोणीं निजविले नाहींत. अवधूतपंतांनीं त्याच आठवड्यांत बैठक सोडिली, आणि पायीं निघून त्या अकरा नांवांच्या घरीं गेले. नऊ घरांनीं दार उघडलें. दोन घरांनीं उघडलें नाहीं, तेथें ते उंबऱ्याबाहेर दिवसभर बसले आणि परत आले. येथें लेखणी ठेविली.